यंदा हन्ना सुवार्ता करणार

सुवार्ताच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि त्यातली निम्मी वर्षं ती घरातल्या घरात नाटकं करत आली होती. लॉकडाऊनमध्ये चर्चला कुलूप लागलं, तेव्हा तिच्या सासूबाईंनी, मार्थाबाईंनी, ही टूम काढली. रविवार आला की शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, एक गोष्ट घ्यायची आणि हॉलमध्ये करून दाखवायची. पुढे चर्च उघडलं, तरी नाताळच्या आठवड्यातलं नाटक तेवढं राहिलं. त्यासाठी देवळाली कॅम्पचे, सिन्नरचे नातेवाईक मुद्दाम शरणपूरला त्यांच्या घरी यायचे.

कोणी काय व्हायचं ते मार्थाबाई ठरवायच्या. सुवार्ता घरी ब्लाऊज शिवायची, म्हणून जुन्या पडद्यांचे झगे तिच्याच गळ्यात पडायचे, आणि कोणाला नको असलेली पात्रंही. एका वर्षी तिला लोटाची बायको दिली, देवाचं न ऐकता मागे वळून पाहिलं म्हणून मिठाचा खांब झालेली. सुवार्ता तशी खांब होऊन उभी राहिली. मार्थाबाईंनी ओला नॅपकिन तिच्या खांद्यावर वाळत टाकला आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "एवढं मात्र छान जमतं आमच्या सुनेला." सगळे हसले. सुवार्ताही हसली, तर म्हणाल्या, "मीठ हसत नाही गं."

यंदा त्यांनी तिला हन्ना दिली. मूल होत नाही म्हणून सवतीचे टोमणे खाणारी, मंदिरात जाऊन रडणारी हन्ना.

"आई, हन्ना रिबेकाला द्या ना," सुवार्ता धाकट्या जावेचं नाव घेत म्हणाली.

"रिबेकाच्या मांडीवर पोर आहे. ती हन्ना कशी दिसेल?" मार्थाबाई लसूण सोलत होत्या. "आणि तुला पाठ तरी काय करायचंय? आहेस तशी बस."

सुवार्ताने नवऱ्याकडे पाहिलं. अमोल बुटांना पॉलिश करत होता. ओझरच्या कारखान्यात सुपरवायझर झाल्यापासून त्याचे बूट कायम चकचकीत असायचे. त्याने दुसरा बूट घासायला घेतला. खोलीत आल्यावर सुवार्ताने दार लावलं.

"डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं ना? दोष कोणाचा ते?"

"हळू बोल."

"मार्चपासून हळूच बोलतेय."

अमोल पलंगाच्या कडेला बसला. "यंदा नाटकानंतर साक्ष द्यायच्या वेळी उभा राहतो. सगळे असतील. एकदाच सांगून मोकळा होतो. तू तेवढं नाटक कर, आईचं मन मोडू नकोस."

या एका शब्दावर सुवार्ताने हन्नाचा झगा शिवायला घेतला.

नाटकाच्या संध्याकाळी सोफा भिंतीला लावला, सतरंजी टाकली. अमोल हन्नाचा नवरा झाला होता आणि सवत, पनिन्ना, झाली होती रिबेका. "दोन बायका! भाच्या, चैन आहे तुझी," दाविदमामा ओरडले. ते याजक एली होते आणि त्यांचा फेटा आत्ताच डोळ्यांवर आला होता.

रिबेकाला दोनच वाक्यं दिली होती. तेवढी म्हणून झाल्यावर ती थांबेल, असं सुवार्ताला वाटलं. पण एरवी ताई, ताई करणारी रिबेका बाळाला खांद्यावर टाकून तिच्याभोवती फिरू लागली.

"किती नवस करशील गं? देवालाही तुझं तोंड बघून कंटाळा आला असेल."

लोक हसले. रिबेकाला चेव आला.

"माझ्या पोराच्या बाप्तिस्म्याला त्याची टोपी हुंगत बसली होतीस. मागच्या खोलीत. मी पाहिलं बरं का."

हे शास्त्रात नव्हतं. हे जूनमध्ये घडलं होतं, आणि आपल्याला कोणी पाहिलं असेल असं सुवार्ताला वाटलं नव्हतं.

"पनिन्ना काय शोभतेय," सिन्नरची मामी म्हणाली.

सुवार्ता रडू लागली. मार्थाबाईंनी अमोलला खूण केली. तो पुढे आला, हन्नाची हनुवटी वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "का रडतेस? दहा मुलांनी लावली नसती एवढी माया मी तुला लावतो ना?"

मामीने पदर डोळ्यांना लावला. सुवार्ताने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्यात कुठेही लाज नव्हती. वाक्य न चुकता म्हटल्याचं समाधान तेवढं होतं.

टाळ्या झाल्या, केक फिरला. मग दाविदमामा म्हणाले, "प्रभूने वर्षभरात काय केलं, कोणाला साक्ष द्यायची आहे?"

अमोल उभा राहिला. सुवार्ताच्या हातातली बशी आपोआप खाली आली.

"प्रभूची स्तुती असो," अमोल म्हणाला. "एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे. आज बोलतो." त्याने आईकडे पाहिलं. "आज नाटक करताना सुवार्ताचं दुःख माझ्या काळजाला भिडलं. तुम्ही सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना करा. देव तिची कूस उघडो. मी तिला टाकणार नाही, हीच माझी साक्ष."

"केवढं मन आहे पोराचं," मामी म्हणाली.

"नाही," सुवार्ता उठत म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

तोवर मार्थाबाईंनी तिचे खांदे धरून तिला सतरंजीवर गुडघ्यांवर बसवलं होतं. "या, सगळे या. हात ठेवा पोरीवर." डोक्यावर, पाठीवर, मानेवर हात पडले. अमोलचाही पडला. दाविदमामांनी मोठ्याने प्रार्थना सुरू केली.

त्या आवाजाखाली मार्थाबाई तिच्या कानाशी वाकल्या.

"मला माहीत आहे, दोष त्याचा आहे. मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंकडून आलात, त्याच दिवशी आला होता तो माझ्याकडे, रडत." त्यांच्या श्वासाला लसणाचा वास होता. "लोकांना काहीतरी दाखवावं लागतं, सुवार्ता. तो बाहेर नोकरी करतो. तुला घरातच बसायचंय."

"आई..."

"रड थोडी. बरं दिसतं."

प्रार्थना संपली. सगळे आमेन म्हणाले आणि एकेक हात उठला. मार्थाबाईंचा हात मात्र तिच्या टाळूवर तसाच राहिला. लोक वाट पाहत होते.

"आमेन," सुवार्ता म्हणाली. तेव्हा तो हात निघाला.