नळी धरणारा

वेवजीहून आमच्या सरावलीला वायरिंगच्या कामाला येणारा वायरमन, काही बोलण्याआधी गुजरातीतलं ‘चालो’ म्हणतोच. गॅसच्या स्टीलच्या नळीचा मला शॉक बसला, तेव्हापासून मी शेगडीजवळ जाईना हो! त्यानं नळीला टेकलेली फ्रिजची सोललेली वायर बदलली, नळीला हिरवी वायर जोडून अर्थिंग दिलं, टेस्टर लावून पाहिला आणि म्हणाला, “चालो काकी, चहा ठेवा.”

“तूच ठेव की!”

तो हसला नाही. उघड्या हातानं नळी धरून ओट्याशी उभा राहिला. “मी धरलीय. लावा शेगडी.”

चहा उकळेपर्यंत त्यानं हात काढला नाही.

अजूनही आला, की आधी नळी धरतो, मग चहा मागतो. माझी भीती केव्हाच गेलीय. पण ते त्याला सांगत नाही; सांगितलं, तर तो हात काढून घेईल ना.