जोडलेले हात

निवृत्तीनंतर मी रोज सकाळी हैदराबादच्या तारनाक्यातून तिथेच कुकटपल्लीत राहणाऱ्या माझ्या मुलाला मोबाइलवर माणसाच्या अहंकाराबद्दल चार ओळी मराठीत लिहून पाठवायचो. त्याच्याकडून लगेच जोडलेल्या हातांचं चित्र यायचं. मुलगा माझं सगळं वाचतो, असं मी मित्रांना ऐकवत फिरायचो.

एकदा त्याची आई न्हाणीत घसरून पडली. घाईत मी तेही तसंच लिहून कळवलं. लगेच जोडलेले हात आले.

शेवटी फोन केला, तेव्हा तो धावत आला. मान खाली घालून म्हणाला, "बाबा, मला मराठी वाचता कुठे येतं?"

तो लहान असताना हिने त्याला पाटीवर बाराखडी शिकवायला घेतली होती. हैदराबादेत मराठीचा काय उपयोग, म्हणत ती पाटी मीच माळ्यावर टाकली होती.