तनूचा जबडा आणि माझं ‘न्हाई’

“हिची हाडं वाढायची बहुतेक थांबलीत,” नांदेडच्या डॉक्टर मॅडम तनूच्या हाताचा एक्स-रे बघत म्हणाल्या. दातांच्या दवाखान्यात हाताचा फोटो कशाला, हे मला मघापासून कळत नव्हतं. मनगटाच्या हाडांवरून शरीराची वाढ किती उरली ते समजतं म्हणे. “पाळी कधी सुरू झाली?” त्यांनी विचारलं. या खेपेला आम्ही दोघीच होतो. तनूनंच सांगितलं, “साडेअकराव्या वर्षी.” आता ती चौदाची आहे.

मला पुढचं ऐकूच येईना.

तनू माझी थोरली लेक. वरचे दात पुढे, खालचा जबडा मागे. लोक याला सरसकट ओव्हरबाइट म्हणतात. तिचे ओठ नीट मिटत नाहीत. वर्गात चिडवतात म्हणून ती हसताना तोंडावर ओढणी धरते.

बारा वर्षांची असताना तिला हिंगोलीला दाखवलं होतं. मालक ट्रकवर, म्हणून आमच्या साखरा गावाहून माझे सासरे सोबत आले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. तिथले डॉक्टर चांगले होते. त्यांनी समजावलं, वाढत्या वयात ट्विन ब्लॉक बसवता येतो. वर एक, खाली एक, अशी काढता-घालता येणारी दोन साधनं. ती खालचा जबडा पुढे धरून ठेवतात आणि वाढीबरोबर तो पुढे येतो. वाढ संपली की उरतात ब्रेसेस, म्हणजे तारा. त्यांनी दात हलतात, जबडा नाही.

मग त्यांनी विचारलं, “हिची पाळी सुरू झाली का?”

मामा शेजारच्याच खुर्चीवर बसलेले. मी पदर सावरला आणि म्हणाले, “न्हाई अजून.”

तनूनं माझ्याकडे पाहिलं. “मग वाढीचा जोर यायचाय. वर्षभरानं या,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. पाळी आली की दोन-तीन वर्षांत वाढ संपत येते; मी खरं सांगितलं असतं तर ट्विन ब्लॉक तेव्हाच बसला असता. सुगी, परीक्षा, असं करत वर्षाची दोन वर्षं झाली.

आणि मी कोण? अंगणवाडी सेविका. पाळीत लाजण्यासारखं काही नसतं, हे गावातल्या पोरींना मीच सांगते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

नांदेडच्या मॅडम म्हणाल्या, आता वरचे दोन धडधाकट दात काढायचे आणि बाकीचे तारांनी मागे घ्यायचे. नाहीतर अठरानंतर जबड्याचं ऑपरेशन. तनूला ऑपरेशनची भीती वाटते. तिनं तारा निवडल्या. जबडा मागेच राहणार.

बाहेर येऊन मी उलट तिच्यावरच डाफरले, “तू तरी सांगायचं होतं गं!”

“तूच न्हाई म्हणलीस,” ती म्हणाली. “मला वाटलं, डॉक्टरलाबी सांगायचं नसतंय.”

तिथंच जिन्यावर बसून मी रडले. अजूनही रडते. बायांनो, लेकीचे दात दाखवायला न्याल तेव्हा डॉक्टर हे विचारणारच. चांभारचौकशी म्हणून नव्हे, उपचार त्यावरच ठरतो. खरं सांगा.

दात काढून घरी आलो त्या दिवशी तनू गालाला रुमाल लावून निजली होती. मी मामांपुढे मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. त्यांनी नातीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

“निस्तं म्हणायचं होतं माय, मामा जरा भाईर बसा,” ते म्हणाले. “मी बसलो असतो की.”