उन्हात ठेवलेली लाल पट्टी

कुणाच्याही दुकानाची पाटी दिसली की पाटीकाका थांबायचे आणि तिच्या कडेला नख ओढायचे. नखाला पांढरी भुकटी लागली की म्हणायचे, "ही गेली." प्लास्टिकचा तुकडा विकत घेताना कानाशी नेऊन टिचकी मारायचे. माणसाशी बोलताना नजर त्याच्या डोक्यावरून मागच्या फलकावर. स्क्रू पूर्ण आवळायचे आणि मग अर्धा वेढा मागे घ्यायचे. "उन्हात पाटी फुगते. तिला हलायला जागा नको? नाहीतर भोकापासूनच तडकते." बरणीचं झाकणही ते तसंच लावायचे. त्यामुळे त्यांच्या घरची बिस्किटं कायम मऊ.

मी त्यांच्या पाट्या बनवायच्या वर्कशॉपवरच्या खोलीत भाड्याने राहतो. गच्ची आमची सामाईक, पण खरी पट्ट्यांची. कठड्याला ओळीने प्लास्टिकच्या पट्ट्या बांधलेल्या असायच्या. ॲक्रिलिक, फोमची शीट, चिकटवायचं विनाइल. प्रत्येकीचा अर्धा भाग काळ्या टेपने झाकलेला. उन्हाने काय केलं ते कळायला काही महिन्यांनी टेप सोलायची आणि दोन्ही भागांचे रंग ताडून बघायचे.

काकू वैतागायच्या. "माझ्या कपड्यांना जागा नाही, आणि ह्यांची प्लास्टिकं ऊन खात बसलीत!"

त्यांची लेक दातांची डॉक्टर. तिने दवाखाना उघडला आणि वडिलांकडे पाटी मागितली. लाल अक्षरांची.

"लाल सगळ्यात आधी उतरतो," काका म्हणाले. "गच्चीवर लावून बघतो. टिकला तर देतो."

"किती दिवस?"

"एक उन्हाळा तर जाऊ दे."

तोवर तिने पुठ्ठ्यावर नाव लिहून दाराला टांगलं. ते कुणाला दिसेना. एका आजोबांनी तर शेजारच्या झेरॉक्सवाल्यापुढे जाऊन आ केला.

"बाबा, अख्ख्या गावाच्या पाट्या तुम्ही केल्या, आणि दिव्याखाली अंधार!" एका संध्याकाळी ती वर्कशॉपच्या दारातच तडकली. "पेशंट येईनात. असंच चाललं तर दवाखाना बंद करावा लागेल मला."

"म्हणूनच म्हणतो. पाटी विटली की लोकांना वाटतं, डॉक्टर गेला."

"डॉक्टर जाईल तो तुमच्या पाटीची वाट बघून!"

मला हसू आलं. काका हसले नाहीत. त्यानंतर बापलेकीचं बोलणं कामापुरतं उरलं.

गेल्या आठवड्यात काका दुपारी जेवले, खुर्चीत बसले, आणि उठले नाहीत. यापुढे त्या दिवसाबद्दल मला काही लिहिता येत नाही.

काल लेक गच्चीवर आली. मी तिथेच होतो. ती सरळ लाल पट्टीपाशी गेली. टेपचा एक कोपरा आधीच सुटलेला होता, पुन्हा अंगठ्याने दाबून बसवलेला. तिने टेप ओढली. आतला भाग लालभडक होता. बाहेरचा फिका गुलाबी.

"हिरडीचा रंग झालाय," ती म्हणाली. मग त्या दाबलेल्या कोपऱ्याकडे बघत राहिली. "त्यांनी बघितलं होतं रे. मला बोलले नाहीत."

आम्ही खाली वर्कशॉपमध्ये गेलो. टेबलावर चादरीखाली काहीतरी होतं. तिने चादर काढली.

पांढऱ्या ॲक्रिलिकवर तिचं नाव. अक्षरं गडद निळी. आणि अगदी वरच्या कडेला, दवाखान्याच्या छज्ज्याची सावली पडते तिथे, एक बारीक लाल रेघ.

 तिने त्या रेघेवरून नख ओढलं आणि नखाकडे बघितलं.

पाटीच्या तीन कोपऱ्यांना भोकं पाडलेली होती, स्क्रूपेक्षा जराशी मोठी. चौथ्या कोपऱ्यावर नुसती पेन्सिलीची फुली होती. ड्रिल शेजारीच पडलं होतं, वायर अजून भिंतीत खोचलेली.