थोरल्या भाऊजींची संगीतिका

लग्न होऊन मी मस्कतला आले तेव्हा, माणसाला बसणाऱ्या धक्क्यांना काहीतरी सीमा असते, अशी माझी भाबडी समजूत होती. आमच्या थोरल्या भाऊजींनी ती पहिल्याच हिवाळ्यात मोडून काढली. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मोठे भाऊ. समुद्राचं खारं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर इंजिनियर. काटकुळी अंगकाठी, पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा असा की हा माणूस जन्मात कधी मोठ्याने शिंकलाही नसेल असं वाटावं. या माणसाने सात-आठ वर्षं एका भारतीय शाळेत इंग्रजी संगीतिका बसवल्या, आणि त्याही सुराशी ओळख नसताना! खारं पाणी गोडं करण्यात त्यांची हयात गेली, पण स्वतःच्या गळ्यावर मात्र त्यांना तो प्रयोग कधी साधला नाही.

नव्वदीतले ते दिवस. आखातातल्या शाळांना तेव्हा संगीतिकांचं वेड लागलं होतं. व्हिडिओ कॅसेटवर पाहिलेली एखादी गाजलेली इंग्रजी संगीतिका घ्यायची, तिच्या गाण्यांच्या नुसत्या वाद्यसंगीताची कॅसेट मिळवायची आणि वार्षिकोत्सवात ती दणक्यात सादर करायची. मोठ्या वर्गांतली मुलं राजा, राणी आणि दरबारी व्हायची. लहानांच्या वाट्याला ढग, मेंढ्या आणि झाडं यायची. भाऊजींची केतकी तेव्हा चौथीत होती आणि तिला झाडाचं काम मिळालं होतं. गुरुवारी सुट्टीच्या दिवशी तालीम असे. भाऊजी तिला सोडायला गेले आणि जेवायच्या वेळीसुद्धा परत आले नाहीत. वहिनींनी, म्हणजे माझ्या जाऊबाईंनी, घाबरून मला फोन केला. आम्ही दोघी शाळेत जाऊन पाहतो तर भाऊजी रंगमंचाच्या मधोमध, डोळे मिटून, दोन्ही हात वर करून डोलताहेत आणि भोवती पंधरा-वीस पोरं त्यांच्याकडे बघून डोलताहेत. वहिनी मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, हे काय चाललंय?" भाऊजी डोळे न उघडता म्हणाले, "झाडं नुसती उभी नसतात. झाडं ऐकत असतात." त्या वर्षी प्रेक्षकांनी राजकन्येकडे पाहिलंच नाही, सगळे झाडंच बघत राहिले. प्रिन्सिपल मॅडम चाट पडल्या आणि पुढच्या वर्षी अख्खी संगीतिकाच त्यांनी भाऊजींच्या हवाली केली.

त्यानंतर आमच्या घराण्याला स्वास्थ्य म्हणून उरलं नाही. एकदा कुरुमच्या ऑफिसातून अल हैलला घरी आले, दार उघडलं, आणि हॉलमध्ये सोफा नाही! मला वाटलं, चोरी झाली. नवरा गादीवर मांडी घालून शांतपणे चहा पीत होता. "सोफा कुठाय?" "राजवाड्यात," तो म्हणाला. "दादा घेऊन गेला. पडदेही गेलेत, पण ते तुला उद्या सांगणार होतो." वहिनींची लग्नातली पैठणी सेनापतीच्या खांद्यावर दिसली तेव्हा त्या किंचाळल्या, पण पहिल्या रांगेतल्या लोकांना ती दाद वाटली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. एका वर्षी मेंढपाळाच्या प्रवेशासाठी भाऊजींनी शेजारच्या ओमानी म्हाताऱ्याकडून खरी बकरी आणली. म्हाताऱ्याने तीनतीनदा विचारलं, "कापायला?" भाऊजी म्हणाले, "नाही, गाण्यात उभी करायला." म्हातारा बकरी देऊन म्हणाला, "अल्ला बरं करो." ती बकरी रंगीत तालमीत राजाचा पुठ्ठ्याचा मुकुट खाऊन मोकळी झाली. राजा रडायला लागला. भाऊजी मात्र हरखून गेले. "बघा! आख्ख्या नटसंचात हिनं एकटीनंच मनापासून काम केलं!"

हे सगळं शाळेच्या चार भिंतींत राहिलं असतं तर आम्ही निभावून नेलं असतं. पण भाऊजींचं एक तत्त्व होतं. संगीतिकेतली माणसं बोलता बोलता मध्येच गायला लागतात ते प्रेक्षकाला खोटं वाटता कामा नये, म्हणून दिग्दर्शकाने स्वतः तसं जगून बघायला हवं, असं ते म्हणत. आणि ते जगत. रुवीच्या वाण्याच्या दुकानात त्यांनी तूरडाळ गाऊन मागितली. जेवताना "आमटीत मीठ कमी आहे" हे त्यांनी असं आळवलं की वरच्या मजल्यावरची बाई काही झालं का ते विचारायला खाली आली. भीमजयंतीच्या कार्यक्रमात त्यांच्याकडे फक्त आभार मानायचं काम होतं. सभागृह भरलेलं, मंचावर वडीलधारी माणसं, आणि भाऊजींनी अध्यक्षांच्या नावावर एकदम तान घेतली! कार्यक्रमानंतर एक ज्येष्ठ गृहस्थ त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, तब्येत बरी आहे ना? उन्हात फार फिरू नका."

आम्ही हसायचो. हसायची नाही ती केतकी. आता ती अकरावीत होती आणि त्या वर्षीच्या संगीतिकेत मुख्य काम तिचं होतं. बंदरगावातल्या एका नावाड्याची मुलगी. काम तिला वशिल्यानं मिळालं नव्हतं, निवड संगीताच्या शिक्षिकेनं केली होती. गळा तिनं आईचा घेतला होता, हे सगळ्यांचंच नशीब. पण शाळेच्या व्हरांड्यात मुलं तिच्या वडिलांच्या नकला करत आणि ती ते मुकाट ऐकून घेई. एके शुक्रवारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. भाऊजींनी पोळी मागण्यासाठी सूर लावला आणि तिनं ताट बाजूला सारलं. "पपा, प्लीज. धिस इयर नो सिंगिंग. नॉट इव्हन हमिंग. एव्हरीबडी लाफ्स." भाऊजींनी हातातला घास ताटात ठेवला. "ओके बेटा," म्हणाले. बस्स, एवढंच. त्या दिवसापासून ते तालमींना जात, खुणांनी सांगत, आणि घरी येऊन गप्प बसत. वहिनी मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मी याच शांततेसाठी झुरत होते गं. आता ती सोसवत नाही."

प्रयोगाच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं होतं. पहिला अंक छान झाला. दुसऱ्या अंकात केतकीचं मोठं गाणं होतं. वडिलांची नाव परतलेली नाही आणि ती धक्क्यावर एकटी उभी आहे. ती पुढे आली, वाद्यमेळ सुरू झाला, तिनं पहिली ओळ म्हटली आणि कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये अडकली. एक लांबलचक रेकणं ऐकू आलं आणि सगळं बंद. मागच्या रांगांतून कुणीतरी फिस्सकन हसलं. केतकीचा चेहरा पांढराफटक. मी वहिनींचा हात घट्ट धरला. विंगेत भाऊजी मला स्पष्ट दिसत होते. हा माणूस आता काय करील याची मला धास्ती वाटली; पण त्यांनी काहीच केलं नाही. दोन्ही हातांनी तोंड दाबून ते उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

केतकीनं विंगेकडे पाहिलं. मग गळ्यातला माइक चालू आहे याचं भान न ठेवता म्हणाली, "बाबा... गा ना."

तिला मराठी धड बोलता येत नसे. "बाबा" म्हणणं तर तिनं पहिलीतच सोडलं होतं. आणि भाऊजी मंचावर आले. त्यांनी तोंडाने व्हायोलिन सुरू केलं, मग ढोल, मग जहाजाचा भोंगासुद्धा. सूर औषधालाही नव्हता. पण ठेका मात्र घड्याळासारखा होता, आणि त्या ठेक्यावर पाऊल ठेवत केतकी गायला लागली. तिच्या आवाजात असं काही आलं होतं जे कुठल्याच तालमीत आलं नव्हतं. हसणारे गप्प झाले. गाणं संपलं तेव्हा टाळ्यांना क्षणभर उशीर झाला, कारण लोक टाळ्या वाजवायचंच विसरले होते. केतकी वाकून नमस्कार करायचं सोडून सरळ बापाच्या गळ्यात पडली, आणि मी, पदराने नाक पुसत, मोठ्याने हुंदके देत होते. माझ्याकडून मला बसलेला हा पहिला धक्का.

पुढे बोर्डाच्या परीक्षांचं निमित्त होऊन शाळेनं संगीतिका बंद केल्या. केतकी शिकायला परदेशी गेली आणि तिकडचीच झाली. भाऊजी निवृत्त होऊन वहिनींसह नाशिकला परतले. शुक्रवारी त्यांचा फोन येतो. गुडघ्यांबद्दल बोलतात, भाजीच्या चवीबद्दल बोलतात, तिकडे उकाडा कसा आहे विचारतात. परवा मी म्हटलं, "भाऊजी, नवीन काय?"

"काही नाही गं," ते म्हणाले. "सगळं अगदी नीट चाललंय."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. आमटीतलं मीठसुद्धा आळवून मागणारे भाऊजी हल्ली एकही वाक्य गाऊन म्हणत नाहीत.