बनूबाई मवाळ कशी झाली

पालेगावात तुळशीबाईंना तुळशीबाई म्हणणारा बहुतेक मी एकटाच उरलो असेन. बाकी सगळ्यांसाठी त्या बनूबाई. दूध आणायला दुकानात गेल्या तरी कोणीतरी ओरडतं, "बनूबाई, आज कोनाला भादरलं?" त्या पदर सावरतात, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतात आणि पिशवी घेऊन निघतात. लोकांना वाटतं बाई भाव खाते. खरं म्हणजे परक्या माणसाशी काय बोलावं हे त्यांना सुचतच नाही. हे मला लवकर कळलं, कारण माझी गत फारशी वेगळी नाही.

बनूबाई ही 'सासू वरच्या आळीची' या मालिकेतली सासू. ही मालिका टीव्हीवर नाही, यूट्यूबवर लागते. ती काढतो तुळशीबाईंचा भाचा अनंता. त्याचं काम लग्नांच्या व्हिडिओचं. हंगाम संपला की कॅमेरा पडून राहायचा, म्हणून आठ-नऊ वर्षांपूर्वी त्याने हा उद्योग सुरू केला. शूटिंग तुळशीबाईंच्याच ओटीवर होतं. त्यांच्या कौलारू घराच्या चारी बाजूंना आता टॉवर उभे आहेत, त्यातल्याच एकात मी राहतो. ते टॉवर चित्रात येऊ नयेत म्हणून अनंता जमिनीवर पालथा पडून शूटिंग करतो.

सून होते विनिता. तिचं उल्हासनगरला ब्युटी पार्लर आहे. आणि सासरा मी. फॅक्टरीतून निवृत्त होऊन इथे आलो तेव्हा अनंता एक म्हातारा शोधत होता. मी त्याला सांगितलं, मला चारचौघांत बोलता येत नाही. तो म्हणाला, "मधुकाका, बोलाचंच नाय तुमी. बनूबाईसमोर कोन बोलनार हाय? निस्ता पेपर वाचा."

आमच्याकडे संवाद लिहिलेले नसतात. अनंता प्रसंग सांगतो, मग ज्याला जे सुचेल ते त्याने बोलायचं. मी तोंडापुढे पेपर उघडला की तीच सुरुवातीची खूण. पेपरही नेहमी तोच, घड्यांवर फाटलेला. त्यातली सिमेंटची जाहिरात मला पाठ झाली आहे.

आणि मी पेपर उघडला की गप्प गप्प असणाऱ्या तुळशीबाईंच्या अंगात कोण शिरायचं कोण जाणे! एका भागात सुनेच्या माहेराहून लाडू येतात. बनूबाईने एक लाडू उखळात घातला, मुसळाने ठेचला आणि शेजारणीला हाक मारली, "ये गो, बग! मुसल मोडलं, पन यांचा लाडू नाय फुटला!" पेपरामागे माझे खांदे हलत होते. तो भाग बदलापूरपर्यंत घराघरात पोचला. लोकांना ती कजाग सासू फार आवडली.

पुढे कमलेशच्या लग्नाचं बघायला लागले आणि पंचाईत झाली. कमलेश हा तुळशीबाईंचा एकुलता एक मुलगा. अंबरनाथच्या कंपनीत नोकरी, निर्व्यसनी, आईसारखाच अबोल. पण स्थळं दारापर्यंत येऊन परत जायची. शहाडच्या एका घरातून स्पष्ट निरोप आला, "पोरगा सोन्यासारखा हाय. पन त्या बाईच्या हाताखाली पोर कोन देल?"

निरोप आणणारा माणूस हे हसत हसत सांगत होता. तुळशीबाई हसल्या नाहीत. त्यानंतर कामावरून आल्यावर शूटिंग चालू दिसलं, की कमलेश बाहेर मोटरसायकलवरच बसून राहायचा. ओटीवरून त्याची पाठ दिसायची. तुळशीबाई एकदा तिकडे बघायच्या आणि पुन्हा शिव्या सुरू करायच्या.

अनंताच्या मनाला ते लागलं. तो म्हणाला, "मावशे, फुडच्या एपिसोडला बनूबाईला देवमानूस करून टाकू. इषय संपला."

विनिता म्हणाली, "मौसी, हार्ट अटॅक दाखवू या. उसके बाद सब सुधर जाते हैं."

"असं कोन सुदरतं गो?" तुळशीबाई म्हणाल्या. "माजी सासू एका रातीत सुदरली नाय. लोकं थुकतील आपल्यावर."

"मग कमलेशचं काय?" अनंताने विचारलं.

"बगू. हलूहलू."

त्या वेळी मला ते नुसतं टाळणं वाटलं होतं. त्या काय करत होत्या हे मला फार उशिरा दिसलं, तेही पेपराच्या आडून. त्यांनी बनूबाईच्या शिव्या जशाच्या तशा ठेवल्या आणि हात तेवढे बदलायला घेतले. दुपारी झोपलेल्या सुनेला "पसरली बग म्हस!" म्हणायच्या आणि म्हणता म्हणता पंखा तिच्याकडे वळवायच्या. सुनेचे पापड भिजायला आले की तिच्या साऱ्या माहेराचा उद्धार करत स्वतःच धावत जाऊन पापडांवर कागद घालायच्या. यातलं काही अनंताने सांगितलेलं नसायचं. एका भागात एवढंसंच, पुढचे काही भाग पुन्हा जुनी बनूबाई. माणूस खरोखर बदलतो तो असाच, अधूनमधून, आणि बदलल्याचं कोणाला कळू न देता. निदान मला तरी तसं वाटतं.

मग जिताड्याचा भाग आला. इथल्या आगरी घरांत जिताडा म्हणजे मानाचा मासा, आणि त्याचं डोकं घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नाहीतर मोठ्या पाहुण्याच्या ताटात जातं. त्या भागात ते माझ्या ताटात होतं. कालवण खरं होतं, वासही सुटला होता, आणि मी पेपर बाजूला ठेवून हात घालणार एवढ्यात बनूबाईने डोकं उचललं आणि विनिताच्या ताटात ठेवलं. "खा! नायतर माहेरी बोंब मारशील, सासूनं निस्तं काटं घातलं."

विनिता तर गोंधळलीच. मी रिकाम्या ताटाकडे बघितलं, बनूबाईकडे बघितलं आणि पेपर पुन्हा तोंडापुढे धरला. मी अभिनय केला असं लोक म्हणतात. मला फक्त काय करावं ते कळलं नव्हतं.

या सगळ्यात बघणारे मात्र कमी होत गेले. 'बनूबाई थंड पडली' असं लोक व्हिडिओखाली लिहायचे. अनंता ते वाचून दाखवायचा. तुळशीबाई म्हणायच्या, "लिवू दे."

गेल्या हिवाळ्यात सोनिवलीचं स्थळ आलं. मुलगी तेजस्वी, बदलापूरला लॅबमध्ये कामाला. दोघं एकदा भेटली होती आणि पसंती झाली होती. राहिलं होतं घर बघणं, म्हणजे बनूबाईला बघणं. तेजस्वीला वडील नव्हते; तिला वाढवणारे हरिचंद्रकाका आणि तिची आई असे बरोबर आले. कमलेशचेही वडील नाहीत, म्हणून वडीलधारा म्हणून मला बोलावलं होतं. कमलेश पहाटेच कल्याणला जाऊन जिताडा घेऊन आला होता.

पाहुणे बसले आणि तुळशीबाईंची वाचा बसली. तेजस्वीच्या आईने काही विचारलं की त्या "हां" नाहीतर "नाय" म्हणायच्या आणि आत पळायच्या. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. पानं वाढली. रिवाजाप्रमाणे जिताड्याचं डोकं हरिचंद्रकाकांच्या ताटात गेलं. तरी कोणी जेवणाला हात लावेना.

शेवटी तेजस्वीची आई म्हणाली, "राग नका मानू बाई. पन तुमी बोलतच नाय. वरडनारी बाई निदान समजते तरी. गप बसनारीचं आमी काय समजाचं?"

काका म्हणाले, "कॅमेऱ्यासमोर बरं सुचतं सगलं."

कमलेशने मान खाली घातली. तुळशीबाई माझ्याकडे बघत होत्या. मी काहीतरी बोलायला हवं होतं, मीच वडीलधारा होतो. पण मला तरी कुठे काय सुचतं? कोनाड्यात तो फाटका पेपर पडला होता. मी तो घेतला आणि तोंडापुढे उघडला.

मग पेपरापलीकडून आवाज आला, "म्हाताऱ्या! पावनं जेवाला बसलेत नि तुजं काय त्या पेपरात पुरलंय काय?"

मी पेपर जरा खाली केला. तुळशीबाई कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. त्या तेजस्वीकडे वळल्या. "आनि तू गो? भाताकडं बगतेस काय अशी? लॅबमदी तपासाला न्यायचाय?"

तेजस्वीने ओठ दाबून हसू आवरलं. आणि तेवढ्यात तुळशीबाई वाकल्या आणि हरिचंद्रकाकांच्या ताटातलं जिताड्याचं डोकं त्यांनी उचललं. पाहुण्याच्या, त्यातून मुलीच्या काकाच्या पुढ्यातलं डोकं काढून घ्यायचं? यावरून इथे माणसं ताटावरून उठून गेलेली आहेत. वाढायला आलेली विनिता दारात उभी होती, तिने कपाळाला हात लावला.

डोकं तेजस्वीच्या ताटात ठेवून तुळशीबाई म्हणाल्या, "खा! उद्या सोनिवलीला बोंब मारू नको, सासूनं निस्तं काटं घातलं म्हनून."

'सासूनं' म्हणून गेल्या आणि स्वतःच दचकल्या. पदर कमरेतून सुटला, आवाज गेला. पुन्हा आपल्या तुळशीबाई झाल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

हरिचंद्रकाकांनी आपल्या ताटात बघितलं. तिथे नुसता रस्सा होता. मग त्यांनी तुळशीबाईंकडे बघितलं. मग तेजस्वीकडे. ती खाली मान घालून, मनापासून ते डोकं फोडत होती. आईने तिला कोपर मारलं, "अगो, काकाला इचार तरी!"

"कशाला इचारू?" तेजस्वी म्हणाली. "सासूनं दिलंय."

काकांनी डावा हात माझ्यापुढे केला.

"मधुशेठ," ते म्हणाले, "तो पेपर जरा हिकडं द्या."

मी दिला. त्यांनी तो नीट उघडला आणि तोंडापुढे धरला.