शालनकाकू आणि हद्दीचा नाला

शालनकाकू म्हणजे आमच्या मानपाड्यातली पोळीभाजीवाली. बाई एकदम कडक. कोणाला सरकारी कचेरीत जायचं असलं की सोबतीला हीच. तिथे भांडत नाही हो, बाकावर मांडी घालून बसते. काम झाल्याशिवाय उठायचं नाव नाही. मी रिक्षावाला, माझ्या बॅजचं काम तिच्या बसण्यानेच झालेलं.

परवा तिच्या शेजारची पायल रडत घरी आली. पोरगी कंपनीत पॅकिंगला जाते. शेअर रिक्षात बाजूच्या माणसाने तिच्या मांडीवर हात टाकलेला. तो हलकट रोज तिच्याच स्टॉपवर उभा असतो. तक्रार झाली तर सकाळी पोलिस त्याला तिथेच उचलणार, नाहीतर सकाळी पायल पुन्हा त्याच्याच रांगेत. काकू तिला घेऊन पोलिसांकडे गेली. मीच सोडलं आणि मीही थांबलो.

साहेबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तेव्हा रिक्षा नाल्याच्या अलीकडे होती की पलीकडे? अलीकडे आमची हद्द, पलीकडे त्यांची."

पायल म्हणाली, "पुलावर होती."

झालं! नाला कोणाचा, हे कोणालाच माहीत नव्हतं.

"तक्रार कुठेही घेतात म्हणे आता," काकू म्हणाली.

"घेतो हो बाई. पण घेऊन पाठवायची कुठे? आणि बाईमाणसाचा जबाब आमच्या मॅडमच घेतात, त्या टेंभी नाक्याला देवीच्या बंदोबस्ताला गेल्यात. उद्या या."

काकूने बाकावर मांडी घातली. दिवे लागले तरी ती हलेना, तेव्हा साहेबच कंटाळले. रतन हवालदाराला म्हणाले, "जा बाबा, जागा बघून ये." गाडी माझीच.

मागे एका कडेला पायल, मधे काकू, दुसऱ्या कडेला हवालदार.

"हवालदार, तुम्ही पायल. मी तो मेला," काकू म्हणाली. मला हसू फुटणार होतं, पण आरशात पोरीचं तोंड दिसलं आणि गप गाडी काढली.

पुलावर येताच काकूने हवालदाराच्या मांडीवर हात ठेवला. चांगला दाबून. आईशप्पथ, एवढा धिप्पाड गडी, त्याचा पार दगड झाला! टोपी दोन्ही हातांनी पोटाशी धरून बाहेर बघत बसला. पूल संपला, सिग्नल लागला, सुटला. काकूचा हात तिथेच. हा हलेना की बोलेना. परत येऊन उतरला तेव्हा कुठे त्याने घाम पुसला.

"काय, कळली हद्द?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. लक्ष नव्हतं."

"अरे, तेवढ्यासाठीच पाठवलेलं ना तुला!"

मग साहेब पायलकडे वळले. "बरं, तू तरी तेव्हाच आरडाओरडा का नाही केलास? रिक्षात माणसं होती ना?"

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पायलच बोलली. आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने बोलली.

"हवालदारकाका ओरडले का?"

साहेबांना कळेना. त्यांनी काकूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. रतन हवालदाराने टोपी टेबलावर ठेवली.

"नाही ओरडलो," तो म्हणाला. "मॅडमना बोलावून घ्या, साहेब. हद्द आपलीच लिहू."